फ्रेंचमधलं 'येल' कसं वापरायचं: मराठीतून फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी

माझ्याकडे पुण्यात फ्रेंच शिकून गेलेली एक विद्यार्थिनी सध्या माँट्रियालला मास्टर्स करतेय. मागच्या हिवाळ्यात तिचा रात्री उशिरा व्हॉइस मेसेज आला, की मॅम, आमच्या लॅबमध्ये कामीय नावाचे नवीन कलीग आलेत, ओळख करून देतानाच म्हणाले की माझं सर्वनाम 'येल', आणि मी पंधरा दिवस प्रत्येक वाक्यात कामीय कामीय असं नावच घेत बसलेय कारण येलनंतर काय लावायचं हे मला माहीतच नाही. खरं होतं तिचं, मी शिकवलंच नव्हतं. आमच्या वेळच्या पुस्तकात इल आणि एल एवढंच होतं, तेच मी पुढे दिलं. त्या रात्री तिला फोनवर तासभर जे समजावलं ते आता इथे नीट लिहून काढतेय, कारण कॅनडाला, फ्रान्सला, बेल्जियमला जाणारी आपली बरीच मुलं आहेत आणि समोरच्या माणसाला हवं तसं संबोधता यावं एवढं तरी भाषा शिकताना आलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी शब्द. फ्रेंचमध्ये 'तो' म्हणजे इल, 'ती' म्हणजे एल. मराठीसारखं तिसरं 'ते' नाहीये, लॅटिनमधलं नपुंसकलिंग फ्रेंच होता होता बहुतेक पुल्लिंगात विरघळून गेलं. मग स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्या, म्हणजे नॉन-बायनरी लोकांनी इल आणि एल एकत्र करून 'येल' असा शब्द वापरायला सुरुवात केली. स्पेलिंग आय-ई-एल. काहीजण शेवटी अजून एक एल आणि ई लावतात, उच्चार तोच. अनेकवचनाला एस लागतो पण तो ऐकू येत नाही, फक्त पुढे स्वर आला की झ होऊन जोडला जातो, जसं 'येल-झों' म्हणजे त्यांच्याकडे आहे. येल सोडून आल, ओल, उल असेही पर्याय आहेत, आल्फेराट्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी आल ची अख्खी व्याकरणव्यवस्था मांडलीये, पण रोजच्या बोलण्यात तुमच्या कानावर येईल ते येलच, म्हणून तेच पक्कं करा.

क्रियापद एकवचनीच. हे मोठ्याने सांगतेय कारण आपल्या लोकांची चूक नेमकी इथे होते. इंग्रजीतलं दे डोक्यात असतं, त्यात मराठीतलं आदरार्थी 'ते आलेत' जिभेवर असतं, त्यामुळे आपोआप तोंडातून 'येल सों' जातं. नाही. एका व्यक्तीबद्दल बोलताना 'येल ए' (आहे), 'येल आ' (च्याकडे आहे), 'येल पार्ल' (बोलते), म्हणजे इल आणि एलला जे रूप लागतं तेच. प्रश्न उलटा फिरवताना सुद्धा तसंच, 'आ-तियेल' वगैरे, आणि 'की' म्हणजे क सोबत आला की 'कियेल'.

लिंग नेमकं कुठे लपलंय ते आधी शोधा

बहुतेक गाइड्स इथून थेट नव्या शब्दांच्या तक्त्यावर जातात आणि शिकणारा घाबरतो. मला वाटतं क्रम उलटा हवा. फ्रेंचमध्ये लिंग कुठे दिसतं, कुठे ऐकू येतं आणि कुठे मुळातच नसतं हे एकदा कळलं की नवीन शब्द फारच थोडे लागतात, आणि मराठी माणसाला हे कळायला सोपं आहे कारण आपल्या भाषेत जवळपास हीच वाटणी आहे.

बघा, 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हटलं की बोलणारं कोण ते लगेच कळतं. पण 'मी पुस्तक वाचलं', 'मी आंबा खाल्ला' म्हटलं की नाही कळत, कारण तिथे क्रियापद पुस्तकामागे आणि आंब्यामागे गेलं, बोलणाऱ्याला सोडून. फ्रेंचच्या भूतकाळात पण दोन रांगा आहेत. 'आव्ह्वार' (कडे असणं) लावून होणारी क्रियापदं, म्हणजे झे ली (मी वाचलं), झे मांझे (मी खाल्लं), यांच्यात कर्त्याचं लिंग येतच नाही, आणि कर्म आधी आलं तर ते त्या कर्मामागे जातात, अगदी आपल्यासारखंच. 'एत्र' (असणं) लावून होणारी, म्हणजे जाणं येणं निघणं पडणं, ती मात्र कर्त्याप्रमाणे बदलतात. म्हणजे 'वाचलं' आणि 'गेलो-गेले' हा फरक तुमच्या डोक्यात जन्मापासून आहे, फ्रेंच क्लासमध्ये ती एत्रवाली यादी घोकताना कोणी हे सांगत नाही एवढंच.

आणि वर्तमानकाळात तर फ्रेंच आपल्यापेक्षा मोकळी आहे. 'मी करतो', 'मी करते' असं आपल्याला दर वाक्यात ठरवावं लागतं, फ्रेंचमध्ये मी, तू, आम्ही, तुम्ही कोणालाच लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. 'ओं' नावाचं अजून एक सर्वनाम आहे, आपण/आम्ही अशा अर्थाचं, तेही मोकळं.

आता ऐकू येण्याचा भाग, हा सगळ्यात कामाचा. एत्रवाली क्रियापदं लिहिताना स्त्रीलिंगी रूपाला शेवटी एक ई जास्त लागतो पण तो ई मुका असतो. त्यामुळे आले (गेले, आपलं आले नव्हे), आरिव्हे, व्हनू, पार्ती, सोर्ती, तोंबे, रेस्ते, ने ही सगळी रूपं बोलताना स्त्री-पुरुष दोघांना सारखीच ऐकू येतात. 'येल ए आरिव्हे' म्हणा, काहीही अडत नाही. त्या यादीत ऐकू येणारा फरक फक्त मरण्याच्या क्रियापदाला आहे, मोर आणि मोर्त. बसण्यासारखी काही स्वतःवर वळणारी क्रियापदं आहेत जिथे शेवटी व्यंजन ऐकू येतं, आसी आणि आसीझ, तिथे जरा सावध.

विशेषणांचं पण हेच. स्वरावर संपणारी बहुतेक सारखी ऐकू येतात: फातिगे (दमलेलं), रावी (आनंदी), ओक्युपे (बिझी), देझोले (सॉरी). ई मुळातच असलेली लिहायला पण सारखी: त्रीस्त, काल्म, तिमीद, द्रोल, सेलेब्र, शिवाय सॅंपा. अडचण येते कोंतां-कोंतांत, ग्रां-ग्रांद, स्युर्प्री-स्युर्प्रीझ अशा जोड्यांना. मग कोंतां ऐवजी रावी म्हणा. सुंदर म्हणायचंय तर बो-बेल च्या ऐवजी मान्यिफीक. जांती-जांतीय ऐवजी सॅंपा किंवा एमाब्ल. आणि कुठलंच विशेषण सुचलं नाही तर आव्ह्वारकडे पळा: 'येल शांत-संयमी आहे' ऐवजी 'येलकडे संयम आहे', येल आ द ला पास्यांस. भूक, तहान, भीती, वय हे सगळं फ्रेंचमध्ये तसंही आव्ह्वारनेच सांगतात. देश सांगताना 'ॲंदियॅं की ॲंदियेन' या भानगडीत न पडता 'येल व्हियॅं दॅंद', येल भारतातून येते.

त्याला, तिला, त्याचं, तिचं

हे ऐकून माझ्या विद्यार्थिनीला सगळ्यात हायसं वाटलं. मराठीत त्याची आई, तिची आई असं मालकाचं लिंग पण सांगावं लागतं आणि वस्तूचं पण. फ्रेंचमध्ये फक्त वस्तूचं. सा मेर म्हणजे त्याची आई पण आणि तिची आई पण, सों पेर म्हणजे त्याचे बाबा, तिचे बाबा. म्हणजे येलसाठी इथे काहीही बदलावं लागत नाही, काहीही. इंग्रजीवरून फ्रेंच शिकणारे इथे उगाच नवीन शब्द शोधत बसतात.

'ला' विभक्तीवालं 'त्याला/तिला', म्हणजे एखाद्याला सांगणं, विचारणं, फोन करणं, लिहिणं, याला लुई लागतं आणि ते दोघांना एकच: ज लुई पार्ल. अनेकवचनात लर, तेही एकच. राहिलं थेट कर्म, म्हणजे 'मी त्याला/तिला ओळखते' मधलं ल आणि ला. इथे खरा फरक आहे. पण पुढे स्वर आला की ल आणि ला दोन्ही तुटून नुसता ल उरतो, त्यामुळे बोलावणं, आवडणं, ऐकणं, आमंत्रण देणं अशी स्वराने सुरू होणारी क्रियापदं आपोआप मोकळी: ज लापेल, ज लॅंव्हीत. भूतकाळ पण बोलताना बहुतेक मोकळा, कारण मध्ये आव्ह्वार येतं आणि ते स्वरानेच सुरू होतं: ज ले व्ह्यू, मी पाहिलं. वर्तमानात व्यंजन आलं तर वाक्य वळवा, 'मी ओळखते' ऐवजी 'आमची ओळख आहे', ओं स कोने. किंवा सरळ नाव घ्या. ज्यांना नवीन शब्दच हवा असतो ते 'लाए' किंवा 'लेआ' म्हणतात, समोरची व्यक्ती स्वतः वापरत असेल तर तुम्हीही वापरा.

'च्याबरोबर', 'च्यासाठी' नंतर लुई की एल हा प्रश्न येतो. तिथे येलच परत म्हणू शकता, आव्हेक येल, किंवा एलुई, जे एल आणि लुई जोडून केलंय. अनेकवचनात एलो. 'जो/जी' साठी सेलुई, अनेकवचनी सेलो. आणि 'सगळे' साठी तूस आणि तूत मिळून तूस्त, हा शब्द मला फार आवडतो, ऐकताक्षणी कळतो आणि तरुण मुलांच्या मेलच्या सुरुवातीला 'बोंझूर आ तूस्त' असा हमखास दिसतो. एवढे पाच-सहा शब्द ओळखता आले तरी पुरे, सगळे बोलता यायलाच हवेत असं नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. 'सा' म्हणजे 'हे/ते' वस्तूसाठीचं सर्वनाम माणसाला लावू नका, मराठीत कोणाला 'ते बघ कसं चाललंय' म्हटल्यावर जे वाटेल तेच तिथे वाटतं. आणि इल प्ल (पाऊस पडतोय) मधला इल बदलायचा नाही, तो कोणी माणूस नाहीये.

नामं

इथे पण आपल्याकडे तयार उदाहरण आहे. मराठीत 'व्यक्ती' स्त्रीलिंगी. शेजारचे काका असले तरी 'ती व्यक्ती आली' असंच म्हणतो आणि कोणाला त्यात काही खटकत नाही, कारण तिथे लिंग शब्दाचं आहे, माणसाचं नाही. फ्रेंचमध्ये पेर्सोन असाच कायम स्त्रीलिंगी शब्द आहे. त्यामुळे 'युन पेर्सोन' ने वाक्य सुरू केलं की पुढची सगळी विशेषणं बिनधास्त स्त्रीलिंगी लावा, कोणाचंही लिंग उघड होत नाही आणि शंभर टक्के पुस्तकी व्याकरण.

मग दोघांना चालणारी नामं: एलेव्ह, कोलेग, आर्तीस्त, झुर्नालीस्त, आंफां, पार्तनेर, प्रोफ. शब्द सारखा असला तरी आधीचं अं-युन, मों-मा बदलतं, त्यावर उपाय म्हणजे स्वराने सुरू होणारा शब्द (लेलेव्ह), किंवा आमचा-तुमचा वाला नोत्र-व्होत्र, किंवा 'प्रत्येक' म्हणजे शाक, किंवा सरळ अनेकवचन, तिथे ले आणि दे दोघांना एकच. 'मित्र/मैत्रीण' मध्ये तर फ्रेंच स्वतःच मदत करते: आमी स्वराने सुरू होतो म्हणून स्त्रीलिंगी असला तरी मा न लागता मों लागतं, म्हणजे मोनामी ऐकलं तर कोणालाच कळणार नाही मित्र की मैत्रीण. आई-वडिलांसाठी पारां. भाऊ-बहिणीसाठी ग्रीकवरून घेतलेला आदेल्फ हा शब्द हल्ली बराच चालतो. कोपॅं आणि कोपीन जोडून कोपेन. लेखक-लेखिकेला ओतरीस, वाचकांना लेक्तरीस, किंवा नवीन शब्द नको असेल तर 'वाचकवर्ग' म्हणजे लेक्तोरा.

लिहिताना

बोलताना लपणारा तो मुका ई लिहिताना दिसतो, म्हणून खरी कसरत इथे. फॉर्मवर तुम्ही कंसातला ई पाहिला असेल, 'जन्म' च्या पुढे, ती जुनी पद्धत. हल्ली त्या जागी मधला ठिपका वापरतात, प्वॅं मेदियां, असा: · . मूळ पुल्लिंगी शब्द, मग ठिपका, मग ई. अनेकवचनात काहीजण दोन ठिपके देतात, काही एकच, एक दिला तरी पुरे. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून नंबर पॅडवर ०१८३, मॅकवर साध्या इंग्लिश कीबोर्डला ऑप्शन-शिफ्ट-९. फोनवर दर वेळी शोधत बसू नका, सेटिंगमध्ये शॉर्टकट करून ठेवा.

ठिपक्यावर माझं स्वतःचं मत असं की जिथे दुसरा मार्ग नाही तिथेच द्यावा. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकांना तो अडखळवतो, वाचताना अक्षरं नाचतात अशा मुलांनाही त्रास होतो, आणि एका ओळीत चार ठिपके आले की तुम्हालाच उलटून वाचता येत नाही. एकाला सामावून घेताना दुसऱ्याला बाहेर ठेवायचं नाहीये आपल्याला. वर सांगितलेल्या युक्त्यांनी ऐंशी-नव्वद टक्के ठिपके सहज टळतात असा माझा शिकवतानाचा अनुभव आहे.

मेलमध्ये मस्यो-मादाम गाळा, 'बोंझूर कामीय' लिहा, शेवटी 'कोर्दियालमां'. अगदी ऑफिशियल मेलला पण हे चालतं. मस्यो-मादामच्या चौकटीही काही कायमच्या नाहीत, २०१२ मध्ये फ्रान्सने सरकारी फॉर्मवरून मादम्वाझेल काढून टाकलं, तेव्हाही वाद झालाच होता.

कोणी नाक मुरडलं तर

मुरडतील, विशेषतः फ्रान्समध्ये. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ल रोबेर या डिक्शनरीने आपल्या ऑनलाइन आवृत्तीत येल घेतला, नोव्हेंबरमध्ये ते सगळ्यांच्या लक्षात आलं आणि मोठा गदारोळ झाला, तेव्हाचे शिक्षणमंत्री झां-मिशेल ब्लांकेर यांनी उघड विरोध केला, एका खासदारांनी थेट फ्रेंच अकादमीला पत्र लिहिलं. डिक्शनरीचं म्हणणं एवढंच होतं की लोक हा शब्द वापरतायत, समोर आला तर अर्थ कळायला हवा. त्याआधी २०१७ मध्ये अकादमीने सर्वसमावेशक लेखनाला, म्हणजे ठिपके वगैरे देऊन दोन्ही लिंगं दाखवणाऱ्या लेखनाला, भाषेवरचं जीवघेणं संकट म्हटलं होतं. त्याच वर्षी पंतप्रधान एद्वार फिलीप यांनी सरकारी मजकुरात ते वापरू नका असं परिपत्रक काढलं आणि २०२१ मध्ये शाळांसाठी पण तसंच निघालं. ३० ऑक्टोबर २०२३ ला सेनेटने बंदीचं विधेयक मंजूर केलं आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष माक्राँ व्हिलेर-कोत्रे इथे भाषेच्या नव्या केंद्राचं उद्घाटन करताना म्हणाले की फ्रेंचमध्ये पुल्लिंगच नपुंसकाचं काम करतं.

हे 'पुल्लिंग चालतं ना सगळ्यांना' वालं वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकवलं जाईल, तेव्हा एवढं माहीत असू द्या. शाळेत मुलांना शिकवतात की पुल्लिंग स्त्रीलिंगावर मात करतं, शंभर बायका आणि एक पुरुष असला तरी पुल्लिंगी अनेकवचन. याचं कारण १७६७ मध्ये निकोला बोझे या व्याकरणकाराने स्वच्छ लिहून ठेवलंय, की नर मादीपेक्षा श्रेष्ठ म्हणून पुल्लिंग जास्त थोर. म्हणजे नियम काही आकाशातून पडलेला नाही. २०१७ मध्ये ३१४ शिक्षकांनी जाहीर केलं की आम्ही हा नियम यापुढे शिकवणार नाही.

क्वेबेकमध्ये, म्हणजे माँट्रियाल जिथे आहे त्या कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांतात, वातावरण जरा वेगळं. तिथलं सरकारी भाषा कार्यालय येलसारखे नवे शब्द सर्वसाधारण लेखनात सुचवत नाही, पण लिंग न दाखवणारी वाक्यरचना मात्र जोरात शिकवतं, आणि आपण वर जे केलं ते बहुतांश तेच आहे. म्हणून सरकारी अर्ज, शाळा-कॉलेजचं काम, डेल्फ किंवा कॅनडाच्या पीआरसाठीची तेफ या फ्रेंचच्या परीक्षा, अशा ठिकाणी ठिपका आणि नवे शब्द न वापरता नुसत्या वाक्यरचनेवर काम भागवा, परीक्षक कोणीही असो मार्क कापायला जागाच राहत नाही. माणसाशी बोलताना मात्र त्या माणसाचं ऐका, परिपत्रकाचं नको.

विचारायचं कसं

सर्वनाम आणि आकोर (म्हणजे विशेषणांना वगैरे कुठल्या लिंगाचं रूप लावायचं ते), हे दोन वेगळे प्रश्न आहेत. येल वापरणारी प्रत्येक व्यक्ती विशेषणं एकाच पद्धतीने लावून घेते असं नाही, कोणाला येलबरोबर स्त्रीलिंगी रूपं हवी असतात, कोणाला पुल्लिंगी, कोणाला आलटून पालटून, कोणाला ठिपकावाली. म्हणून विचारताना दोन्ही विचारा: 'त्यू युतिलीझ केल प्रोनों ए केलझाकोर?' मोठ्यांशी किंवा ऑफिसात असेल तर त्यू ऐवजी व्हू. आधी स्वतःचं सांगून मग विचारलं तर जास्त बरं वाटतं, चौकशी केल्यासारखं नाही होत. आणि चारचौघांत विचारू नका, सगळ्यांनाच सगळीकडे हे उघड करायचं नसतं, ऑफिसात येल आणि घरच्यांसमोर एल असंही असतं.

चुकाल. चुकीचं लिंग लावणं याला तिथे मेझांरे म्हणतात. चुकलं की 'पार्दों, येल' एवढंच म्हणा आणि वाक्य पूर्ण करा. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं, आपल्याकडच्या मुलांना हे जड जातं कारण आपल्याला नीट सॉरी म्हटल्याशिवाय चैन पडत नाही, पण इथे लहानच ठेवा.

सरावासाठी मी तिला हे सहा वाक्यांचं दिलं होतं, तुम्हीही मोठ्याने म्हणून बघा: कामीय व्हियॅं द लियों. येल आ व्हॅंत-सीझ आं. येल ए आरिव्हे आं सप्तांब्र. ज लुई पार्ल सुव्हां. सा मेर ए आर्तीस्त. ओं स कोने ब्यॅं. कामीय लियोंची, वय सव्वीस, सप्टेंबरात आली, मी बऱ्याचदा बोलते, आई कलाकार, आमची चांगली ओळख आहे. मराठीत मला लिहिताना दोन ठिकाणी 'लियोंची' आणि 'आली' असं लिंग लावावंच लागलं, फ्रेंचमध्ये येल सोडून एकही नवा शब्द लागला नाही. आता तुमच्या ओळखीतल्या कोणाचंही असंच वर्णन दहा वाक्यांत लिहा, पेन्सिलने लिंग दिसणारे शब्द गोल करा, आणि एकेक गोल पुसत जा.